आबांना जेवायला कुठं न्यायचं

आमच्या कर्जतला त्या काळी चांगलं कोल्हापुरी जेवण कुठं मिळायचं, असं कुणी विचारलं की माझं डोकं अजून तापतं. कुठंच मिळायचं नाही. कर्जतला नाही, खोपोलीला नाही, खालापुरात नाही आणि हायवेला तर अजिबात नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. मोठा दुष्काळ पडून गेला त्याच्या पुढच्या हिवाळ्यात, डोळ्याला पट्टी बांधलेल्या एका म्हाताऱ्याला हाताशी धरून मी हा सगळा मुलूख पालथा घातला आहे. तो म्हातारा माझा बाप होता.

आबा कोल्हापूरकडचे, पेशानं गुळव्या. म्हणजे गुऱ्हाळावर काहिलीतला पाक दोन बोटांत ताणून बघायचा, जिभेवर ठेवायचा आणि गूळ कधी उतरवायचा ते सांगायचं. चाळीस वर्षं लोकांनी त्यांच्या जिभेवर भरवसा ठेवला, त्यामुळं ती जीभ भलतीच शेफारली होती. घरी आईनं केलेल्या आमटीतसुद्धा ते खोट काढायचे आणि मग तीच आमटी तीनदा घ्यायचे.

मी त्यांची थोरली. शिक्षिका झाले, नोकरी लागली ती थेट इकडं घाटाखाली, चौकला. चौक हे गावाचं नाव, मुंबई-पुणे रस्त्यावरचं. माझा मामा खोपोलीच्या एका कारखान्यात होता, त्यानं तिथलाच एक मुलगा पाहिला, कर्जतच्या भिसेगावातला. लग्न झालं. अकरा वर्षं झाली. मूल नाही.

आता आमच्याकडं एक रीत होती. लेकीला मूल झाल्याशिवाय बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. पुष्कळ घरांत ही रीत होती आणि पुष्कळांनी ती सोयीनं सोडलीही होती. आमचे आबा सोडतात कसले. माझ्या धाकट्या बहिणीला वर्षात पोरगी झाली, तेव्हापासून तिच्याकडं जाऊन चार चार दिवस राहायचे, पुरणपोळ्या हाणायचे, वर डबा बांधून आणायचे. माझ्याकडं अकरा वर्षांत दोनदा आले. दोन्ही वेळा ओसरीवर बसले, पिशवीतली केळी खाल्ली आणि संध्याकाळच्या गाडीनं गेले. मी चुलीपाशी उभी राहून आतल्या आत जळत होते. मला त्याचा अर्थ एकच कळायचा. हे घर त्यांच्या लेखी अजून घरच नव्हतं.

म्हणून त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला तेव्हा मी डाव टाकला. एक डोळा आधीच अधू झालेला, दुसऱ्याची धास्ती होती. नवऱ्याच्या ओळखीनं पनवेलचा एक चांगला डोळ्यांचा डॉक्टर मिळाला. शस्त्रक्रिया झाल्यावर सहा आठवडे लांबचा प्रवास नाही, दगदग नाही, असं त्यांनी बजावलं. मी मनात म्हटलं, सहा आठवडे केळ्यांवर कोण राहतो ते बघतेच. कधी ना कधी माझ्या ताटावर बसावंच लागेल. मला दुसरं काही नको होतं. एकदा, फक्त एकदा त्यांनी माझ्या घरात बसून जेवावं.

पट्टी बांधून घरी आल्या दिवशीच आबांनी आपला तांब्या काढला आणि रस्त्याच्या सार्वजनिक नळावर पाणी भरायला निघाले. अंधुक दिसतंय, भिंत चाचपडतायत, पण माझ्या माठातलं पाणी नको. जेवायचं काय करणार म्हणून विचारलं तर म्हणाले, गावात हॉटेलं असतील की. शेजारणीनं आपणहोऊन बोलावलं, तर रोज परक्याच्या दारात ताट घेऊन बसायला मी काय भिकारी आहे का, म्हणून तिच्यावरच रुसले. नवरा मला म्हणाला, "तू कशाला जिवाला लावून घेतेस गं? त्यांना नाय जेवायचं, नाय जेवायचं." त्याचं बरं होतं. तो कारखान्यात जेवायचा.

तर हॉटेलं. स्टेशनाजवळ एक होतं, तिथं इडली-डोसा मिळायचा. आबांनी डोसा उलटा करून बघितला, खालीही काही नाही अशी खात्री करून घेतली आणि विचारलं, ह्याच्यासंगट खायचं काय? दुसरी होती राइसप्लेटवाली खानावळ. वरण गोड, भाजी गोड, लोणचंसुद्धा गोड. हा माणूस आयुष्यभर गुळात राहिलेला, त्याला जेवणात गोडाचा वासही चालत नसे. पानावरून उठले. मी मागून ओशाळं हसत मालकाची समजूत काढत होते. मालक मला तोऱ्यात सांगतो, बाई, आमच्याकडं मुंबईची माणसं येतात जेवायला. येऊ देत ना. मुंबईची माणसं पळसदरीचं धरण बघायला येतात, भूक लागली की पुढ्यात येईल ते खातात आणि छान म्हणतात. त्यांच्यामुळंच तर आमच्या भागातल्या हॉटेलांना कुणी काही बोलत नाही.

मग कुणीतरी सांगितलं, खोपोलीला जा, तिथं पाटी आहे, 'कोल्हापुरी मटण'. रविवारी गेलो. पाटी होती, अक्षरं तांबडीभडक. मी भाकरी सांगितली तर पांढरीशुभ्र तांदळाची आली. इकडं भाकरी म्हटलं की तांदळाचीच. ती काही वाईट नसते हो, मीच रोज खाते. पण आबांनी ती बोटानं दाबली, ती परत वर आली, आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांना शाळूची हवी. शाळू म्हणजे पांढरी टपोरी ज्वारी. ती इकडं कुठून आणायची? रेशनवर परदेशातली तांबडी ज्वारी मिळत होती, मिलो नावाची, तिची भाकरी आमच्या गावची कोंबडीसुद्धा विचार करून खाईल.

रस्सा आला तो नुसता रंग. वर बोटभर तवंग, खाली ओल्या नारळाचं वाटण, आणि तिखट असं की डोळ्यांतून पाणी यावं. शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यातून. मी घाबरून ताटच सरकवलं. तांबडा रस्सा म्हणजे भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, खसखस, कांदा-लसणाची चटणी, मटणाचा उतरलेला अर्क. तिखट असतो पण तोंड पोळत नाही. मी पांढरा रस्सा आहे का विचारलं, तर पोऱ्या नव्हे, मालक स्वतः वाटी घेऊन आला. नारळाचं दूध, त्यात कोथिंबीर. सोलकढी करताना आमसूल घालायचं राहिलं होतं, एवढंच. मी म्हटलं, हा पांढरा रस्सा? तर म्हणतो, पांढरा आहे की. मी त्याला विचारलं, तुम्ही कोल्हापूरचे का? म्हणाला, नाही बाई, पाटी रंगवणारा कोल्हापूरचा.

हायवेच्या ढाब्यावरही गेलो. तिथं सरदारजीनं डाळीवर लोण्याचा गोळा घातला आणि प्रेमानं आबांच्या पाठीवर थोपटलं. आबांना सरदारजी आवडला, डाळ नाही.

दोन आठवड्यांत आबांच्या गळ्याची हाडं दिसायला लागली. सकाळी पाव आणि चहा बाहेर, दुपारी कुठंतरी अर्धं ताट, संध्याकाळी शेंगदाणे. पनवेलला तपासायला नेलं तर डॉक्टर माझ्यावरच ओरडले. पोटात अन्न नसेल तर जखम भरणार कशी, म्हाताऱ्या माणसाला घरात जेवायला घालता येत नाही का तुम्हाला? आबा शेजारी बसून खाली बघत होते. मी बाहेर येऊन एसटी स्टँडवर रडले, आणि रडताना त्यांचा हात मात्र धरून ठेवला होता, कारण त्यांना पायरी दिसत नव्हती. असला राग कुठं काढायचा, सांगा.

माझ्या शाळेशेजारी, गॅरेजला लागून एका बाईची खानावळ होती. चार बाकडी, वर पत्रे. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं चालवली होती. ट्रकवाले गाडी दुरुस्तीला टाकून तिच्याकडं जेवायचे. सुका जवळा, माशांचं आंबट कालवण, भात. तिच्याकडं मी कधी आबांना नेलं नव्हतं, कारण तिनं कसली पाटीच लावली नव्हती. एक दिवस शाळा सुटल्यावर तिच्यापाशी बसले आणि सगळं बोलून मोकळी झाले. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मना तुमचं घाटावरचं नाय येत, बाई. पण चूल हाय, भांडी हाईत. तुमी या नि करा."

मला हे आधी का सुचलं नाही म्हणून मी स्वतःच्याच कपाळावर मारून घेतलं. रीत काय? लेकीच्या घरात जेवायचं नाही. हे काही लेकीचं घर नव्हे, खानावळ. माझी सकाळची शाळा, साडेअकराला सुटायची. आबांना शेजारीण कर्जतहून बाराच्या एसटीत बसवून द्यायची, ते पाऊणला चौकला उतरायचे, खानावळवाली त्यांना हाताला धरून आणायची. त्यांना सांगितलं, माझी शाळा आता एकला सुटते, तुम्ही बाईंकडं जेवून घ्या, मी येतेच.

खोपोलीच्या बाजारात एका घाटावरच्या दुकानदाराला गाठून शाळू मिळवला, दळून आणला. बहिणीकडून कांदा-लसणाची चटणी मागवली. आणि रोज शाळा सुटली की पदर खोचून मागच्या दारानं तिच्या स्वयंपाकघरात. पिठलं, खर्डा, भरलं वांगं, बुधवारी आणि शुक्रवारी मटण, रविवारी शाळा बंद म्हणून पुन्हा केळी. भाकऱ्या मी थापायची, ताट ती न्यायची. पहिल्या दिवशी मी पत्र्याच्या फटीतून बघत होते. आबांनी भाकरी मोडली, खर्ड्याला लावली, घास तोंडात घातला आणि थांबले. बराच वेळ थांबले. मग जेवायला लागले ते तीन भाकऱ्या संपवूनच हात धुतला.

एक वाजता मी पुढच्या दारानं शाळेची पिशवी घेऊन आले. जेवलात का, म्हणून साळसूदपणे विचारलं. म्हणाले, "बरं हुतं. बाईच्या हाताला चव हाय."

सांगते, आयुष्यात मला कुणी पदक दिलं असतं तरी एवढी हरखले नसते. आणि चिडलेही तितकीच. बाईच्या हाताला म्हणे. ती बाई माझ्याकडं बघून पदरात हसत होती. बारा दिवस हे चाललं. आबांच्या अंगावर मूठभर मांस आलं. शेजारच्या बाकावरचे ट्रकवाले त्यांच्या ताटात बघून आम्हालाही तेच द्या म्हणून अडून बसायला लागले, आणि मी शाळेच्या बाई, पाचवीच्या वह्या तपासायच्या सोडून सहा परक्या माणसांच्या भाकऱ्या थापत बसले. नवरा म्हणायचा, शाळा सोड आणि हॉटेलच काढ. अख्ख्या तालुक्यात एकच धड कोल्हापुरी खानावळ निघाली, ती चालवतेय कोण, तर मी.

तेराव्या दिवशी खानावळवाली आबांच्या पुढ्यात पेढे घेऊन आली. पळसदरीला दिलेल्या तिच्या लेकीला मुलगा झाला होता. ती चालली होती पाच दिवसांसाठी, खानावळ बंद. जाता जाता आनंदात म्हणाली, आता लेकीच्या घरचं पाणी प्यायला मोकळी झाले. तिच्या मनात काही नव्हतं. तिच्या घरातही तीच रीत. आबांनी पेढा घेतला, बाळाला आशीर्वाद दिला.

दुसऱ्या दिवशी रविवार. नवरा पाळीवर गेला होता. मी सकाळपासून घरात स्वयंपाक केला, मटण, शाळूच्या भाकऱ्या, सगळं. ताट वाढलं, पाट मांडला. आबांनी काठी घेतली आणि म्हणाले, स्टेशनाकडं जाऊन येतो, केळी आणतो.

माझा बांध फुटला. बापाशी असं कधी बोलले नव्हते. म्हटलं, बारा दिवस तुम्ही कुणाच्या हातचं जेवताय ते तरी ठाऊक आहे का?

"तुज्या," आबा म्हणाले. "पयल्या घासालाच कळलं. भाकरी तुज्या आयवानी थापतीस."

मग तिथं चालतं आणि इथं काय होतं तुम्हाला, मी ओरडले. पत्र्याखाली, गॅरेजच्या धुरात, ट्रकवाल्यांच्या पंगतीत चालतं. माझ्या घरात बसलात तर बाटता का? असं काय पाप केलंय मी? धाकटी तेवढी तुमची लेक आणि मी कोण?

आबा उंबऱ्यातच उभे राहिले. पट्टी निघालेली होती, पण चष्मा अजून यायचा होता. मी नेमकी कुठं उभी आहे तेही त्यांना धड दिसत नसावं.

"पाप कसलं गं पोरी," ते म्हणाले. "हितं ताटावर बसलो म्हंजे म्या वाट बघायची सोडली, असं हुईल. बाकीच्यांनी सोडली. तुज्या नवऱ्यानं सोडलीया, तू बी सोडलीस. मग बघायची कुणी?"

अकरा वर्षं मी त्याला अपमान समजत होते. अकरा वर्षं मी पत्रांतून चिडून लिहीत होते, भांडत होते, धाकटीचा दुस्वास करत होते. आणि हा माणूस पिशवीत केळी घालून माझ्या मुलाची वाट बघत होता. मला त्यांचा इतका राग आला, आणि इतकं भरून आलं, की काय बोलतेय ते मलाच कळेना. मी सांगून टाकलं. तीन वर्षं जे माहेरी कुणालाच सांगितलं नव्हतं, पत्रांत 'औषध चालू आहे' एवढंच लिहीत राहिले होते, ते सांगून टाकलं. आबा, वाट बघू नका. व्हायचं नाही. मोठ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलंय.

"नक्की?" त्यांनी विचारलं.

नक्की, मी म्हटलं.

आबांनी काठी भिंतीला टेकवली. टोपी काढून खुंटी चाचपडली, सापडली नाही, म्हणून टोपी मांडीखाली ठेवली आणि पाटावर बसले.

"वाढ," म्हणाले.

ताट वाढलेलंच होतं. तरी मी भाकरी पुन्हा गरम केली, रस्सा पुन्हा वाढला. हेच मला हवं होतं. ह्यासाठी मी खोपोली, खालापूर, चौक एक केलं होतं. आता ते समोर बसले होते आणि मला त्यांच्या पुढचं ताट ओढून घ्यावंसं वाटत होतं. सांगावंसं वाटत होतं की मी खोटं बोलले, डॉक्टर चुकले असतील, उठा, चला, आपण स्टेशनावर जाऊ, तुम्ही केळी खा.

आबांनी भाकरी मोडली, रश्शात बुडवली आणि घास घेतला. हळूहळू चावला.

"मीठ कमी हाय," म्हणाले.

मीठ कमी नव्हतं. मी उठले आणि वाढलं.